पेशंटची इम्युनिटी कमी आहे आणि हॉस्पिटलात राहायचंय? त्वचेच्या बुरशीवर नजर कशी ठेवायची

इंदूरला देवास, धार, खरगोन, बुऱ्हाणपूर, कुठून कुठून पेशंट येतात आणि त्यात आपली मराठी घरं पण बरीच असतात. मी पुष्कळ वर्षं वॉर्डात सिस्टर होते, आता रिटायर होऊन रामबागेत असते, त्यामुळे ओळखीत कुणाची केमो ठरली की फोन येतोच, ताई सोबत काय काय न्यायचं. डबा, चार्जर, आधार कार्ड, जुने रिपोर्ट हे सगळे सांगतात. पण पेशंटच्या अंगावर रोज काय बघायचं हे कुणी सांगत नाही, आणि सिस्टरकडे एका वेळी इतके बेड असतात की काखेत नि जांघेत रोज डोकावणं तिला जमेलच असं नाही. ते काम अटेंडरचं, म्हणजे तुमचं. म्हणून हे पहिल्यांदाच हॉस्पिटलात राहणाऱ्यांसाठी.

आधी हे ठरवा की तुमचा पेशंट या गटात येतो का. केमो चालू असलेले, ब्लड कॅन्सरवाले, बोन मॅरो किंवा किडनी ट्रान्सप्लांट झालेले, बरेच दिवस प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड घेणारे, शुगर हाताबाहेर गेलेले, जास्त भाजलेले, आयसीयूत खूप दिवस पडून असलेले आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेली अगदी छोटी बाळं. यांच्यासाठी साधी बुरशीसुद्धा साधी नसते. आपल्या सगळ्यांच्या अंगावर कॅन्डिडा आणि मॅलसेझिया नावाच्या बुरश्या असतातच, हवेत ॲस्परजिलस आणि म्युकरचे कण असतात, आपण रोज श्वासातून घेतो आणि काही होत नाही कारण पांढऱ्या पेशी राखण करतात. राखणदार गेला की प्रश्न येतो.

केमोवाल्यांनी एक आकडा पाठच करून ठेवायचा, एएनसी, म्हणजे रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या राखणदार पांढऱ्या पेशी किती आहेत तो आकडा. सीबीसीच्या रिपोर्टवर थेट लिहिलेला नसला तरी काढता येतो, टोटल डब्ल्यूबीसी (सगळ्या पांढऱ्या पेशी) गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के भागिले १००. समजा टोटल २००० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, तर एएनसी झाला ४००. ५०० च्या खाली गेला की धोक्याचे दिवस. बऱ्याच केमोंमध्ये औषध दिल्यावर हे साधारण ७ ते १४ दिवसांत होतं, म्हणजे अनेकदा पेशंट घरी गेलेला असतो आणि घरच्यांना वाटतं चला सुटलो. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत जपायचं ते डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर गोल करून ठेवा. किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांना गोल करायची सोय नाही, त्यांच्या इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या कायमच्या.

आता रोजचं काम. दिवसातून एकदा, स्पंजिंगच्या वेळी, मोबाइलचा टॉर्च लावून सगळं अंग बघायचं. लाजायचं नाही. सासूबाईंचं सुनेने बघायचं म्हटलं की दोघी संकोचतात, मग मुलीला बोलवा, किंवा वॉर्डातल्या बाईंना सांगा, पण बघा. कुठे बघायचं? छातीच्या खाली, काखेत, जांघेत, पोटाच्या घडीत, बेंबीत, डायपर जिथे घासतो तिथे, पाठीला आणि कमरेच्या खाली जिथे दिवसभर टेकलेलं असतं, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिथे जिथे टेप, सुई, नळी, बँडेज आहे तिथे. तोंडात पण एकदा, जिभेवर किंवा गालाच्या आत दह्यासारखं पांढरं दिसतंय का.

करगोटा, मनगटातला लाल दोरा, गंडा-ताईत, जोडवी, घट्ट बांगड्या. यांच्या खाली ओल राहते, दोरा तर स्पंजिंगनंतर तासन्तास ओलाच असतो आणि खाली कातडी पांढरी पडून सुटायला लागते. मी कुणाच्या श्रद्धेला हात लावत नाही, पण दोरा काढून देवापाशी ठेवा, सुट्टी झाली की परत बांधा असं सांगितलं की बहुतेक आज्या ऐकतात. जोडवी मात्र सहज काढून देत नाहीत. निदान रोज काढून, बोटांमधलं पुसून, वाळवून मग घालायची.

काय दिसलं तर काय समजायचं, इथे जरा थांबून वाचा, कारण सगळा खेळ इथेच आहे.

घडीच्या जागी लालसर ओलसर चट्टा, कडेला पांढुरकी सालं आणि मुख्य चट्ट्यापासून जरा लांब छोटे छोटे लाल दाणे विखुरलेले, हे बहुतेक वेळा कॅन्डिडा. खाज आणि आग दोन्ही होते. अँटिबायोटिक चालू असताना हे हमखास, कारण अँटिबायोटिकने चांगले जंतू पण मरतात आणि बुरशीला मोकळं मैदान मिळतं. वेळेत दाखवलं तर सहसा मलमाने जातं.

पाठीवर, छातीवर, खांद्यावर एकसारखे बारीक पुरळ, मुरमांसारखे पण खाजणारे, स्टिरॉइड चालू आहे आणि घाम येतोय, तर मॅलसेझिया असू शकतो. घरचे घामोळं म्हणून पावडर थापतात. घामोळं पण असू शकतं, म्हणून दाखवायचं.

गोल चट्टा, कड उठलेली, मधे साफ, हा नायटा, गजकर्ण. हॉस्पिटलात लागतो त्यापेक्षा घरून सोबत येतो असं माझं मत, पण इम्युनिटी कमी झाली की पसरतो. आणि हल्ली जो नायटा आपल्याकडे दिसतो तो पूर्वीसारखा सोपा राहिला नाही, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी म्हणून बुरशी आहे, २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं, तिच्यावर टर्बिनाफिन हे नायट्याचं नेहमीचं औषध अनेकदा चालतच नाही.

वरचं सगळं आज नाही तर उद्या सकाळच्या राउंडला दाखवलं तरी चालतं. पुढचं नाही चालत.

सुईच्या जागी, टेपच्या खाली, जखमेच्या कडेला किंवा जिथे इंजेक्शन दिलं होतं तिथे एखादा डाग आधी लाल किंवा जांभळट, मग मधोमध काळा, आणि दुखणं डागाच्या मानाने खूप जास्त. हे म्युकर किंवा ॲस्परजिलस असू शकतं. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त पोचत नाही म्हणून कातडी काळी पडते. काळा भाग सकाळपेक्षा संध्याकाळी मोठा दिसला तर तासांचा हिशोब आहे, दिवसांचा नाही. २०२१ च्या मे-जूनमध्ये आपण इंदूरकरांनी काळी बुरशी हे शब्द इतके ऐकले, एक-एक इंजेक्शनसाठी घरातली माणसं वणवण फिरली, पण ती बहुतेक नाक-डोळ्यांची होती, त्यामुळे म्युकर म्हणजे नाकातच असं लोकांच्या डोक्यात बसलंय. कातडीतून पण शिरतो. आणि शुगरवाल्यांना तर नक्की सांगते, दोन्हीकडे बघा.

अजून एक. केमोच्या पेशंटला ताप आहे, अँटिबायोटिक चालू असून उतरत नाही, आणि अंगावर इथे-तिथे दुखरे लाल गोळे उठले, काहींच्या मधे काळं. ही बुरशी बाहेरून कातडीत गेली असं नसतं, रक्तातून कातडीवर आली असू शकते. फ्युजेरियम नावाची बुरशी असं करते, आणि तिची सुरुवात कधी कधी पायाच्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला सुजण्यापासून झालेली असते, जिकडे कुणाचं लक्षच नसतं. कॅन्डिडा पण रक्तात गेला की असे दाणे येतात. असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी ड्युटी डॉक्टरला उठवा.

दोन गोष्टी मधेच सांगून टाकते. आपल्या सावळ्या रंगावर लाल नेहमी लाल दिसत नाही, तपकिरी किंवा जांभळट दिसतं, म्हणून रंगापेक्षा हात लावून बघा, गरम आहे का, कडक आहे का, दुखतंय का. दुसरं म्हणजे पांढऱ्या पेशी नसल्या की पू होतच नाही, सूजही फार येत नाही, त्यामुळे पू नाही म्हणजे इन्फेक्शन नाही असं या पेशंटमध्ये म्हणता येत नाही. रोज त्याच जागेचा, त्याच अंतरावरून फोटो काढा, शेजारी पेनाचं टोपण ठेवा म्हणजे आकार कळतो. डागाच्या कडेने पेनने रेघ मारून वेळ लिहायला सिस्टरला सांगा. तोंडी सांगितलं की काल इतकं नव्हतं, तर कुणी ऐको न ऐको, फोटो दाखवला की सगळे थांबतात.

कोरडं ठेवणं, यात अवघड काही नाही पण लोक इथेच आळस करतात. स्पंजिंगनंतर घासून नाही, टिपून पुसायचं. घडीत मऊ सुती कापडाची घडी ठेवायची, ओली झाली की बदलायची. डायपर भरायची वाट बघायची नाही. मेणकापडावर थेट झोपवायचं नाही, वर सुती चादर हवीच. टॉवेल पेशंटचा वेगळा, रोज धुतलेला आणि पूर्ण वाळलेला. पावसाळ्यात इंदूरला कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, ते तसेच घालू नका, आतल्या कपड्यांवरून गरम इस्त्री फिरवा. खोबरेल, हळद, कडुलिंबाचा लेप, कोरफड घडीत लावायची नाही. घरी धडधाकट माणसाला लावताना मी काही बोलणार नाही, पण इथे ओल वाढते, रंगाने डाग झाकला जातो, आणि कुंडीतून तोडलेल्या पानासोबत मातीतली बुरशी पण येते.

सुई आणि टेप. सलाइनची सुई, ज्याला वॉर्डात व्हेनफ्लॉन किंवा इंट्राकॅथ म्हणतात, तिची तारीख लिहिलेली असते, रोज बघा. वर पारदर्शक ड्रेसिंग असेल तर चांगलं, आतलं दिसतं. ड्रेसिंग सुटलं, ओलं झालं, आत रक्त साचलं की लगेच बदलून मागा. लाजू नका, तुमचा हक्क आहे, नम्रपणे सांगा पण सांगा. पिक लाइन (दंडातून आत घातलेली लांब नळी) किंवा केमो पोर्ट (कातडीखाली बसवलेली केमोची डबी) असेल तर अंघोळीला प्लास्टिक गुंडाळा. टेपचा रोल एका पेशंटचा दुसऱ्याला, खिशातून काढलेला, जमिनीवर पडलेला, असं चालायला नको. ही माझी चिडचिड नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत चिकट इलॅस्टिक पट्टीतून म्युकरच्या जातीची बुरशी जखमांमध्ये गेली होती. छोट्या बाळांचा हात सरळ राहावा म्हणून लाकडी जीभपट्टीचा आधार देतात ना, त्या लाकडातूनही गेलेली आहे. आणि न्यू ऑर्लिन्सच्या एका मुलांच्या हॉस्पिटलात २००८-०९ मध्ये ५ मुलांना त्वचेचा म्युकर झाला, शोधत गेले तर धागा धुऊन आलेल्या चादरी-कपड्यांपर्यंत पोचला. म्हणून चादर दमट वाटली, कुबट वास आला, गठ्ठा ओल्या भिंतीला टेकलेला दिसला, तर दुसरी मागा. घरून धुतलेली-इस्त्री केलेली आणू दिली तर उत्तमच, पण आधी विचारा, ट्रान्सप्लांटच्या रूममध्ये बाहेरचं कापड बहुतेक चालत नाही.

रूमचं थोडक्यात. फुलं नकोत, कुंडी तर अजिबात नको. भिंत गळत असेल, छतावर काळे डाग असतील तर बेड बदलून मागा. शेजारी फोडाफोडी किंवा बांधकाम चालू असेल तर खिडकी बंद, पेशंटला तिकडून न्यायचं असेल तर मास्क घालून, कारण धुळीत ॲस्परजिलस असतो. बोन मॅरोच्या युनिटमध्ये हेपा फिल्टरची हवा असते ती याचसाठी, तिथलं दार उघडं टाकून गप्पा मारू नका. घरी गेल्यावर कूलर हा आपला उन्हाळ्यातला आधार, पण साचलेलं पाणी, हिरवी पडलेली खस, त्यातून सगळी हवा पेशंटच्या तोंडावर, हे नको. पंखा किंवा स्वच्छ फिल्टरचा एसी बरा.

भेटायला येणारे. आपल्याकडे पेशंटला बघायला जाणं म्हणजे कर्तव्य, सकाळी सकाळी पोहे-जिलबी बांधून चार जण हजर, आणि सगळे बेडवर बसणार. काका-मामा असले तरी बेडवर बसवू नका, खुर्ची द्या. एका वेळी एक. आत आल्यावर आणि जाताना हातावर सॅनिटायझर, नखांपर्यंत चोळून पूर्ण वाळेपर्यंत, हात मळलेले असतील तर आधी साबण. तुम्ही पण, प्रत्येक वेळी. राग आला तर माझं नाव सांगा.

कधी कधी रिपोर्टमध्ये कॅन्डिडा ऑरिस असं येतं आणि मग एकदम पेशंटला वेगळं करतात, सगळे गाऊन-ग्लव्हज घालून येतात, घरचे घाबरतात की हे काय. ही बुरशी पहिल्यांदा २००९ मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानातून सापडली म्हणून हे नाव, लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. काख-जांघेत नुसती राहून बसते, त्रास न देता पण, आणि बेडची रेलिंग, बीपीचा पट्टा, टेबल यावर बरेच दिवस जिवंत राहते, अनेक औषधांना दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरश्यांची यादी काढली त्यात सगळ्यात वरच्या गटात ही आहे. तुम्ही काय करायचं? दुसऱ्या बेडपाशी जाऊन बसायचं नाही, त्यांची बादली-मग-टॉवेल वापरायचे नाहीत, हात सॅनिटायझरने साफ करायचे. पुसायला क्लोरीनवालं औषध लागतं, सगळी फिनाइलं यावर चालत नाहीत, ते हाउसकीपिंगला माहीत असतं, फक्त रेलिंग पुसली का विचारत राहा. आणि दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायची वेळ आली तर हा रिपोर्ट पहिल्यांदा दाखवायचा, लपवायचा नाही.

बरं, डाग दिसला. आता सर्वात महत्त्वाचं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. स्वतःहून मलम लावायचं नाही. खाली मेडिकलवर जाऊन खाजेची क्रीम द्या म्हटलं की हातात ट्यूब येते, त्यात एकात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टिरॉइड असं सगळं मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, सगळे खूश, आणि आत बुरशी स्टिरॉइडच्या जोरावर पसरत असते. वर डागाचं रूप असं बदलतं की डॉक्टरलाही ओळखता येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली क्रीम असेल तरी घरातल्या जुन्या ट्यूबशी नाव ताडून बघा.

आधी सॅम्पल, मग मलम. वरवरचं असेल तर कातडीची सालं खरवडून केओएच तपासणी होते, त्याच दिवशी कळू शकतं. काळा डाग किंवा खोल काही असेल तर त्वचेचा छोटा तुकडा काढतात, बायोप्सी. इथे एक गंमत आहे, गंमत कसली, डोकेदुखी. आपल्याकडे बाटली घेऊन लॅबला धावतो कोण, अटेंडर. तेव्हा हातात घेताना सिस्टरला विचारा की बाटल्या दोन आहेत ना. एक फॉर्मलिनमध्ये, ती पॅथॉलॉजीला जाते. दुसरी सलाइनमध्ये, ती मायक्रोबायोलॉजीला, फंगल कल्चरसाठी. सगळं फॉर्मलिनमध्ये घातलं तर बुरशी मरते आणि कल्चरमध्ये काही उगवणार नाही, मग पंधरा दिवसांनी निगेटिव्ह रिपोर्ट येतो आणि सगळे कोड्यात. फॉर्मवर पेशंट केमोवर किंवा ट्रान्सप्लांटचा आहे आणि फंगल बघायचंय हे लिहिलेलं असावं. प्लेटलेट कमी असतील तर तुकडा काढताना रक्ताची काळजी ते घेतील, पण तुम्ही आठवण करा. कॅन्डिडा दोन-तीन दिवसांत उगवतो, नायट्याच्या बुरशीला चार आठवडेही लागतात. म्युकरचा संशय असेल तर कल्चरची वाट कुणी बघत नाही, उपचार आधी सुरू होतात, ते बरोबरच आहे.

सॅम्पलवर एवढा जोर का, तर एकीचं औषध दुसरीला लागत नाही. फ्लुकोनॅझोल ॲस्परजिलसवर चालत नाही. व्होरिकोनॅझोल ॲस्परजिलसवर उत्तम पण म्युकरवर काही करत नाही. म्युकरला अँफोटेरिसिन बी लागतं आणि शिवाय सर्जनला मेलेला भाग कापून काढावा लागतो, नुसत्या औषधाने भागत नाही. घरचे म्हणतात आधी इंजेक्शन देऊन बघू, कापाकापी नंतर. सर्जन आज म्हणत असेल तर आजच.

औषध सुरू झालं की लक्ष कशावर? अँफोटेरिसिनने थंडी वाजून ताप येऊ शकतो, किडनीवर ताण येतो, पोटॅशियम घसरतं, म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियमचे रिपोर्ट वरचेवर, लघवी किती झाली ते मोजून लिहून ठेवा. लायपोसोमल प्रकार किडनीला जरा सौम्य, महाग मात्र खूप. व्होरिकोनॅझोलवर असताना उन्हात कातडी भाजल्यासारखी होते, पूर्ण बाह्या आणि टोपी. आणि ट्रान्सप्लांटवाल्यांनो, हे अधोरेखित करा, या ॲझोल गटाच्या गोळ्या (फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल वगैरे) टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या तुमच्या इम्युनिटी दाबणाऱ्या औषधांची लेव्हल रक्तात वाढवतात. त्वचेच्या डॉक्टरने गोळी लिहिली तर किडनीच्या डॉक्टरला त्याच दिवशी कळवायचं, लेव्हल तपासायची, डोस ते ठरवतील. गोळी बंद करतानाही परत कळवायचं, कारण तेव्हा लेव्हल खाली येते आणि नवी किडनी धोक्यात येऊ शकते.

सुट्टी होताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: बुरशीचं नाव काय निघालं, औषध कुठल्या तारखेपर्यंत, पुढचं रक्त कधी तपासायचं, आणि रात्री-अपरात्री फोन कुठे करायचा. डाग दिसेनासा झाला म्हणून औषध मधेच सोडायचं नाही. घरी थर्मामीटर हवा, १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप गेला आणि केमोचे ते गोल केलेले दिवस असतील तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, निघायचं. बाहेरगावचे असाल तर ते दिवस संपेपर्यंत इंदुरातच कुणाकडे राहता आलं तर बघा, खरगोनहून मध्यरात्री गाडी शोधत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.